कागदावर भेटी, घरात मूल नाही : फॉस्टर घरांत दगावलेली मुलं आणि देखरेख

मीरा_टॅम्पा

रिल्या विल्सन हे नाव आता फ्लोरिडाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. मायामीत १९९६ साली जन्मलेली मुलगी. आई व्यसनात अडकलेली, डोक्यावर छप्पर नाही, म्हणून राज्याच्या बालकल्याण खात्याने तिला तान्हेपणीच ताब्यात घेतलं. २००० साली तिला जेरलिन ग्रॅहम आणि पामेला ग्रॅहम या दोघींच्या घरी ठेवलं. ताब्यातलं मूल सरकारी पैशावर सांभाळणाऱ्या अशा घराला फॉस्टर घर म्हणतात. खात्याच्या केसवर्करने, म्हणजे तिची जबाबदारी सोपवलेल्या कर्मचारी बाईने, दर महिन्याला तिथे जाऊन मुलीला बघायचं, असा नियम होता. फायलीत सगळं ठीक दिसत होतं. मुलगी बरी आहे, असं न्यायाधीशांनाही सांगितलं जात होतं.

२००२ च्या वसंतात त्या केसवर्करने नोकरी सोडली. तिच्या जागी आलेलीने एप्रिलमध्ये मुलगी कुठे आहे म्हणून विचारलं. मुलगी नव्हती. जानेवारी २००१ पासून नव्हती! सव्वा वर्ष सरकारच्या ताब्यातलं मूल सरकारलाच न कळता बेपत्ता होतं. जेरलिनचं म्हणणं, खात्यातलीच कुणी बाई तपासणीसाठी म्हणून तिला घेऊन गेली आणि परत आणलं नाही. खात्याकडे अशी कसलीही नोंद नव्हती. रिल्याच्या नावचे सरकारी पैसे मात्र त्या घरात जात राहिले होते.

पुढे खटला उभा राहायला दहा वर्षं लागली. २०१३ मध्ये ज्युरीने जेरलिनला अपहरण आणि छळाबद्दल दोषी धरलं, शिक्षा झाली ५५ वर्षांची. खुनाच्या आरोपावर बारापैकी अकरा जण एकमताचे होते, एक नव्हता, म्हणून तो निकाल लागू शकला नाही. रिल्याचा देह आजवर सापडलेला नाही.

मी इथे कोर्टातर्फे मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी आहे. गार्डियन ॲड लायटम म्हणतात आम्हाला. मुलाला भेटायचं आणि ते कसं आहे ते न्यायाधीशांना सांगायचं. ही केस वाचल्यापासून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. या सगळ्या यंत्रणेत, म्हणजे कोर्ट, वकील, फायली, संगणक, बैठका, यांत मुलाला जिवंत ठेवणारी गोष्ट एकच असते : कुणीतरी दारात जाऊन त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. ते चुकलं की बाकी सगळं नुसतं कागदाला कागद जोडणं होतं. आणि ते चुकलंय हे कागदावरून कधीच कळत नाही, कारण कागद तर पूर्ण असतो.

रिल्यानंतर खात्याच्या प्रमुखांना जावं लागलं, गव्हर्नर जेब बुश यांनी चौकशी समिती नेमली, ताब्यातल्या मुलांच्या खोट्या नोंदी करण्याविरुद्ध कायद्यात तरतूद झाली. राज्यभर शोधाशोध केली तेव्हा नेमकी कुठे आहेत हे खात्याला सांगता न येणारी आणखी शेकडो मुलं निघाली. त्यातली पुष्कळशी किशोरवयीन, घरातून पळून गेलेली होती, पण पळून गेलेलं मूलही सरकारच्याच जबाबदारीचं असतं.

इथले बरेच जण वेगवेगळ्या देशांत आहात, काही जण याच क्षेत्रात आहात. तुमच्याकडे हे कसं चालतं ते लिहा. मुलांची छायाचित्रं कृपया कुणी टाकू नका.

सुवर्णा_का

वाचून हातपाय गार पडले. माझी नात चार वर्षांची आहे. तेवढीच होती ना ही?

मीरा_टॅम्पा

हो सुवर्णाताई, दिसेनाशी झाली तेव्हा चार वर्षांची होती.

केदार_डॅलस

टेक्सासचं सांगतो. रॉकडेल नावाच्या छोट्या गावात २०१३ साली अलेक्झांड्रिया हिल ही दोन वर्षांची मुलगी फॉस्टर आईच्या हातून मेली. डोक्याला मार. त्या बाईला जन्मठेप झाली. मुलीला आईवडिलांकडून काढलं होतं त्यामागे त्यांचं गांजा ओढणं हे एक मोठं कारण होतं. मुलीला त्या घरी ठेवलं होतं ते एका खाजगी एजन्सीने, सरकारशी करार असलेल्या. घर तपासणारी एजन्सीच, घर भरलं की पैसे मिळणारीही एजन्सीच. अशा ठिकाणी एखादं घर नाकारण्याची हिंमत कोण करणार?

राज्याच्या फॉस्टर व्यवस्थेविरुद्ध २०११ पासून फेडरल कोर्टात मुलांच्या वतीने दावा चालू आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी निकाल दिला, की राज्याच्या दीर्घकाळ ताब्यात राहिलेली मुलं येताना होती त्याहून जास्त मोडून बाहेर पडतात. त्या निकालाचा मोठा भाग केसवर्करांच्या माथी किती मुलं असतात यावर आहे. अमेरिकेतली बालकल्याण संस्थांची जुनी संघटना एका केसवर्करकडे १२ ते १५ मुलं असावीत म्हणते. प्रत्यक्षात ठिकठिकाणी याच्या दुप्पट असतात. एक नोकरी सोडतो, त्याची मुलं उरलेल्यांत वाटली जातात, मग दुसरा सोडतो.

आदित्य_राजे

केदार, म्हणजे केसवर्कर बिचारे, असं म्हणायचंय का? रिल्याच्या केसवर्करने न जाता सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. कामाचा बोजा असेल तर वरिष्ठांना सांगा, राजीनामा द्या. खोटं का लिहिता? माझ्या मते असल्या माणसांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला पाहिजे.

केदार_डॅलस

बिचारे म्हणत नाही. पण ती एकटी खोटं बोलली, एवढं म्हणून थांबलो तर तिचा पर्यवेक्षक काय करत होता हे विचारायचं राहून जातं. सव्वा वर्षात त्याने एकदाही फाईल बंद करून "चल, आपण दोघं जाऊन येऊ" म्हटलं असतं तर? न्यायाधीशांनी "पुढच्या तारखेला मुलीला माझ्यासमोर आणा" म्हटलं असतं तर? एका माणसाच्या शब्दावर एवढ्या जणांनी सह्या केल्या, त्यातल्या कुणीच मुलीला पाहिलं नव्हतं.

श्रीरंग_लेस्टर

इंग्लंडची बालसंरक्षणाची सगळी व्यवस्था अशाच एका मृत्यूनंतर उभी राहिली. डेनिस ओनील, बारा वर्षांचा. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या पालिकेने त्याला आणि त्याच्या भावंडांना ताब्यात घेतलं होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिसला श्रॉपशरमधल्या मिन्स्टर्लीजवळच्या एका शेतघरावर ठेवलं. ९ जानेवारी १९४५ रोजी तो मेला. उपासमार आणि मारहाण. फॉस्टर बाप रेजिनाल्ड गॉफ याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

आता देखरेखीचं ऐका. मुलगा न्यूपोर्टचा, घर श्रॉपशरचं, त्यामुळे बघायचं कुणी यावर दोन कार्यालयांत घोळ. अखेर डिसेंबरात, नाताळच्या काही दिवस आधी, न्यूपोर्टहून एक कर्मचारी बाई तिथे गेल्या. पोराची अवस्था बघून त्यांनी त्याला तिथून हलवायला हवं असं कळवलं. म्हणजे भेट झाली, डोळ्यांनी बघितलं, सांगितलंही. पण त्या कळवण्यावर वेळेत कुणी उठून गेलं नाही. तीन आठवड्यांत मुलगा गेला.

म्हणून मीराताई, तुमच्या मुद्द्यात मी थोडी भर घालतो. बघणं पुरेसं नाही. बघून आलेल्या माणसाच्या शब्दावर त्याच दिवशी गाडी निघाली पाहिजे.

सर वॉल्टर मॉंक्टन यांनी चौकशी केली, मग कर्टिस समिती, मग १९४८ चा चिल्ड्रन ॲक्ट. त्या कायद्याने प्रत्येक ठिकाणी मुलांसाठी वेगळं खातं आणि एक जबाबदार अधिकारी आला. आणि तरीही २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिएचा छळाने मृत्यू झालाच. आयव्हरी कोस्टहून आत्याआजीबरोबर शिकायला पाठवलेली आठ वर्षांची पोर. अंगावर १२८ जखमा. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालात तिला वाचवण्याच्या हुकलेल्या बारा संधी दाखवल्या आहेत. तिला खरूज असल्याचं कळल्यावर संसर्गाच्या भीतीने घरी जायचंच टाळलं गेलं. आणि एक गोष्ट आपण सगळ्यांनी वाचावी अशी : मुलगी आत्याआजी आणि तिच्या जोडीदारासमोर शिपायासारखी ताठ उभी राहते हे कळल्यावर सोशल वर्करने समजूत करून घेतली, की या समाजात मोठ्यांचा मान असाच राखतात. पोर भीतीने गोठलेली होती. समोरच्या बाईने त्याला संस्कार मानलं.

अपर्णा_व्ही

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आपल्याकडेही "किती शांत मूल आहे, आवाज नाही बघा घरात" हे कौतुकाने म्हणतात.

विनायक_स्टॅव्हॅन्गर

मला या धाग्याचा रोख पटत नाही. तुम्ही सगळे देखरेख वाढवा म्हणताय. मी नॉर्वेत स्टॅव्हॅन्गरला राहतो. याच गावात २०११ साली एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं सरकारने काढून घेतली, हाताने भरवणं आणि आईबापांशेजारी झोपवणं यावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्लीपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा मुलं भारतात परतली. आमच्या ओळखीत आजही पाहुणे मुलावर ओरडले तरी आई खिडकी लावून घेते. आधी मुलं काढायची आणि मग ती नीट सांभाळायचीही नाहीत, हे कसलं बालकल्याण?

मीरा_टॅम्पा

विनायक, तुमची भीती मला रास्त वाटते, आणि ती याच विषयाची दुसरी बाजू आहे. मेन राज्यातल्या लोगन मारचं उदाहरण घ्या. पाच वर्षांची. तिला काढलं ते आईने मारलं म्हणून नव्हे. आईचं कोणाबरोबर राहणं, घरं बदलणं यावर खात्याचा आक्षेप होता. तिला आणि धाकट्या बहिणीला काढून ज्या घरी ठेवलं ती फॉस्टर आई, सॅली स्कोफिल्ड, स्वतः त्याच खात्यात पूर्वी केसवर्कर होती. दत्तकही घ्यायची तयारी होती. खात्याला वाटलं, याहून चांगलं घर कुठलं? आणि आपलीच बाई म्हणून भेटी सैल पडल्या. लोगनने आईबरोबरच्या देखरेखीतल्या भेटीत, कॅमेरा चालू असताना, ही मला दुखवते असं सांगितलं होतं. जानेवारी २००१ च्या शेवटच्या दिवशी त्या बाईने तिला तळघरात उंच खुर्चीला चिकटपट्टीने बांधून ठेवलं, तोंडावरूनही पट्टी. गुदमरून गेली.

जिथे आईला जराशी मदत देऊन मूल घरीच ठेवता आलं असतं तिथे खात्याने धाव घेतली, आणि जिथे रोज उठून बघायला हवं होतं तिथे विश्वास टाकला. दोन्हीकडे त्या विशिष्ट मुलाकडे कुणी बघत नव्हतं. मूल विनाकारण काढलं की केसवर्करच्या माथी एक जास्तीचं मूल येतं आणि खरंच धोक्यातल्या मुलाचा वेळ जातो. मेनमध्ये यानंतर मुलं आजी, मावशी, काका अशा नात्यातल्या घरी ठेवण्याचं प्रमाण बरंच वाढलं. मला तो बदल योग्य वाटतो.

आणि कडक नियमांचं म्हणाल तर २००६ च्या फेडरल कायद्याने दरमहा भेट सगळ्या राज्यांना बंधनकारक केली, ९० टक्क्यांचं लक्ष्य दिलं, आणि २०११ च्या कायद्याने ते पुढे ९५ टक्के केलं. आकडे भरले जातात. पण दिवाणखान्यात पाच मिनिटं, फॉस्टर आई शेजारी बसलेली, मूल टीव्हीकडे बघतंय, हीसुद्धा त्या आकड्यात भेटच धरली जाते. मुलाशी एकटं बोलल्याशिवाय ती भेट मोजूच नये, असं मला वाटतं.

निवृत्त_परिविक्षा

महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. गृहचौकशी हा माझा रोजचा धंदा होता, त्याबद्दल लिहितो.

पहिलं म्हणजे फोन करून जायचं नाही. फोन करून गेलं की मूल आंघोळ घातलेलं, केसाला तेल, अंगात नवा शर्ट आणि बशीत बिस्किटं. न सांगता गेलं की घर असतं तसं दिसतं. जेवायच्या वेळेच्या आसपास जावं. आत गेल्यावर मुलाला "इथे आवडतं का" विचारू नये. घरचे समोर असताना ते हो म्हणणार. त्याला घेऊन बाहेर पारावर, शाळेपर्यंत, दुकानापर्यंत चालत जावं आणि साधं विचारावं : काल रात्री काय जेवलास, कुठे झोपलास, पांघरूण कुणाचं, पाणी कोण भरतं, चूक झाली तर घरात काय करतात. चालताना मूल बोलतं. चाल बघावी, बसताना त्रास होतो का ते बघावं. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घातल्या असतील तर का, ते शोधावं. घरच्या स्वतःच्या मुलांच्या आणि याच्या ताटात, कपड्यांत, वह्यापुस्तकांत फरक आहे का ते बघावं. मग शाळेत जाऊन हजेरीपट काढायचा. बाई-गुरुजींना सगळं माहीत असतं, विचारायला कुणी जात नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बायका तर न विचारताच सांगतात.

याला एका मुलामागे अर्धा दिवस जातो. आणि आता आपल्याकडची परिस्थिती. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची, तरतूद आहे. त्यात लिहिलंय, की बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, अख्ख्या जिल्ह्यासाठी. त्यांच्यापुढे पळून आलेली, भीक मागणारी, बालविवाहातली, अत्याचाराची, सगळीच मुलं येतात. ती पाच माणसं गावोगावी कधी जाणार? मग कुणीतरी अहवाल आणतं आणि समिती त्यावर सही करते.

महाराष्ट्रात फॉस्टरपेक्षा बालसंगोपन योजना मोठी. सावित्रीबाईंच्या नावाची, महिन्याला २,२५० रुपये. कोविडमध्ये आईवडील गेलेल्या पुष्कळ मुलांना तिचा आधार झाला, आणि ही योजना उत्तम आहे असंच माझं मत आहे. पण बहुतेक मूल आजीकडे, काकाकडे असतं, आणि नात्यातलं म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. नात्यातही मुलं राबवली जातात. जमिनीच्या वाटणीत अडसर ठरणारं भावाचं पोर काही काकांच्या डोळ्यांत सलतं, हे मी नोकरीत पाहिलंय. परगावच्या केसवर्करांना नावं ठेवताना आपल्याकडे असं मूल गेलं तर ते कुणाच्या नोंदीत तरी येईल का, हा विचार मला झोपू देत नाही. तापाने गेलं म्हणतील आणि उरकतील.

सुवर्णा_का

काका, हे वर्तमानपत्रात लिहा हो तुम्ही.

आदित्य_राजे

काकांचं पटलं. माझं शिक्षेचं मत कायम आहे, पण ती शिक्षा सही करणाऱ्या प्रत्येकाला लागू व्हावी.

प्राची_समाजकार्य

मी पुण्यात याच क्षेत्रात आहे. आदित्य, फक्त शिक्षेची भीती वाढवली तर काय होतं ते सांगते. एखादा मृत्यू गाजला की पुढचे काही महिने प्रत्येक जण स्वतःला वाचवण्यासाठी मुलं उचलायला लागतो, निवारागृहं भरून वाहतात आणि अनुभवी लोक सोडून जातात. खोटी नोंद हा गुन्हा असावाच, त्यात सूट नको. पण "मला जमलं नाही, मी गेले नाही" असं खरं लिहिणाऱ्याला नोकरीची भीती नसावी. तेवढी जागा दिली तर पर्यवेक्षकाला निदान कळेल की अमुक मूल दोन महिने पाहिलेलं नाही.

दुसरं, बाहेरचा डोळा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या ११० निवारागृहांची सामाजिक तपासणी केली होती. २०१८ मध्ये त्यातूनच मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातले मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीला आले. तिथे त्याआधी सरकारी तपासणीची माणसं येत-जात होतीच की! फरक इतकाच, की मुंबईहून गेलेले हे लोक मुलींजवळ बसले, त्यांच्याशी बोलले आणि ऐकलेलं अहवालात लिहिलं. २०२० मध्ये चालकाला मरेपर्यंत जन्मठेप झाली. फॉस्टर घरांसाठीही तपासणारी माणसं ठेवणाऱ्यांपेक्षा वेगळी हवीत.

केदार_डॅलस

इथे शेरिन मॅथ्यूजचा उल्लेख व्हायला हवा. आमच्याजवळच रिचर्डसनमध्ये घडलं. नालंदाच्या अनाथाश्रमातून २०१६ मध्ये दत्तक आणलेली तीन वर्षांची मुलगी. दत्तक, फॉस्टर नव्हे, पण देखरेख तशीच असते. दत्तक दिल्यानंतरचे अहवाल एजन्सीमार्फत भारतात जात होते आणि ते चांगले होते. हाडं मोडल्याच्या खुणा डॉक्टरांना आधीच दिसल्या होत्या, हे नंतर कोर्टात आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिचा मृतदेह घरापासून थोड्या अंतरावर रस्त्याखालच्या मोरीत सापडला. दत्तक वडिलांना जन्मठेप. इथल्या भारतीय लोकांनी तिच्यासाठी प्रार्थनासभा घेतल्या, मीही गेलो होतो. ते कुटुंब आपल्याच देशातलं आहे म्हणून घर चांगलंच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो.

ललिता_परभणी

सगळं वाचते आहे. मला एक विचारायचं होतं. माझ्या मावसबहिणीची दोन मुलं आईवडील गेल्यावर चुलत्याकडे आहेत. बालसंगोपनचे पैसे मिळतात असं कळलं. थोरली मुलगी शाळेत कमी आणि शेतात जास्त दिसते. मी बोलायला गेले तर तुमचा काय संबंध म्हणाले. बघायला कुणी साहेब आलेला गावात कुणाला आठवत नाही. मी काय करू शकते?

निवृत्त_परिविक्षा

ललिताताई, संबंध कुणाचाही असू शकतो, कायद्याला नातं लागत नाही. १०९८ वर फोन करा, चोवीस तास चालतो, नाव सांगायची सक्ती नाही. त्यासोबत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहा : मुलांची नावं, वयं, गाव, शाळा, कुणाकडे राहतात, तुम्ही काय पाहिलं आणि कोणत्या दिवशी. ऐकीव गोष्ट असेल तर ऐकीव म्हणून लिहा. शेवटी "मुलांना प्रत्यक्ष भेटून गृहचौकशी व्हावी आणि मुलीशी एकांतात बोलावं" ही मागणी शब्दशः घाला. एक प्रत जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्या. दोन्हीकडे तुमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, पोचेशिवाय निघू नका. मुख्याध्यापकांकडून मुलीच्या गैरहजेरीचे दिवस मिळाले तर जोडा. चुलत्यांना आधी सांगू नका.

पंधरा दिवसांत कुणी गेलं नाही तर मला व्यक्तिगत निरोप करा. त्या भागात माझ्याबरोबर काम केलेल्या एक बाई अजून नोकरीत आहेत, त्यांच्याशी मी बोलतो.

ललिता_परभणी

अर्ज आज रात्री लिहिते. सोमवारी परभणीला जाऊन देते.

मीरा_टॅम्पा

ललिताताई, अर्जाचा मसुदा हवा असेल तर प्राची आणि मी दोघी मिळून बघून देतो. मुलांची खरी नावं मात्र इथे धाग्यावर लिहू नका, निरोपातच पाठवा.